तीन नंबरवर बाबा खलास

संपादकबाईंनी फोनवर विषय दिला होता, ‘आखातातली कर्तबगार मराठी स्त्री’. मी त्यांना म्हटलं, मी धावण्याच्या शर्यतीत खुर्चीवर बसून बोलते, याला कर्तबगारी म्हणत असाल तर लिहिते. त्या म्हणाल्या, अवश्य लिहा, सध्या फिटनेसवर फार वाचलं जातं. वाचलं जात असणारच. वाचायला बसावंच लागतं.

बावीस वर्षं मी दुबई-शारजात हे काम करते आहे आणि या बावीस वर्षांत मी स्वतः एक किलोमीटरही धावलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची कंपनी शर्यती उभ्या करून देते. थंडीच्या चार महिन्यांत इथे दर शनिवार-रविवारी कोणी ना कोणी कशासाठी तरी धावत असतं. बँका धावतात, शाळा धावतात, दवाखाने धावतात. एकदा एका केकवाल्यांनी मधुमेहाविरुद्ध लोकांना धावायला लावलं आणि कमानीपलीकडे प्रत्येकाच्या हातात पेस्ट्रीचा डबा ठेवला. आम्ही फक्त रस्ता मोजतो, पोलिसांची परवानगी काढतो, अडथळे लावतो, पाण्याची टेबलं मांडतो. कोण कशाविरुद्ध धावतंय हे विचारणं आमच्या कामात बसत नाही.

मी असते ‘कंट्रोल’. म्हणजे शेवटच्या कमानीशेजारी एक तंबू असतो, त्यात टेबल, टेबलावर नकाशा, धावणाऱ्यांची यादी आणि रेडिओ. रस्त्यावर ठरावीक अंतराने आमची माणसं उभी असतात. ठिकाणांना नंबर असतात, एक नंबर, दोन नंबर, असे. कोणी पडलं, कोणाला चक्कर आली, कोणाचं मूल हरवलं, की ते मला रेडिओवर कळवतात आणि मी गाडी पाठवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही बाई सकाळभर नुसती बसून आहे. घरच्यांनाही तसंच वाटतं.

रस्त्यावर उभी राहणारी ही माणसं कुठून येतात? मुहैस्नाहच्या कामगार वसाहतीतून. तिथली माणसं तिला सोनापूर म्हणतात, सोनं कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही. पेशावरकडचे जमानभाई त्यांचे सुपरवायझर. ते पहाटे बस भरून त्यांना आणतात. आठवडाभर सिमेंट आणि लोखंड उचलणारी ही माणसं रविवारी सकाळी हात लांब करून, आठवडाभर खुर्चीत बसलेल्यांना कुठे वळायचं ते दाखवतात. वर बॅनर असतो, ‘सर्वांसाठी फिटनेस’. त्या सर्वांत ती धरलेली नसतात. त्यांना फिटनेसची गरजही नसावी, कारण त्यांच्यातल्या एकालाही मी कधी दमलो म्हणताना ऐकलेलं नाही. किंवा त्यांना ते विचारायचं आम्हाला सुचलेलं नाही.

गिऱ्हाईकांबद्दल काय सांगू? टी-शर्टचा साइज हा माणसाच्या स्वतःवरच्या श्रद्धेचा विषय आहे, हे मी या धंद्यात शिकले. सगळे फॉर्मवर ‘मीडियम’ लिहितात आणि सकाळी एक्स्ट्रा लार्जच्या खोक्याभोवती गर्दी करतात. एका बाईंनी शर्यतीचा रस्ता त्यांच्या बिल्डिंगखालून नेता येईल का असं विचारलं होतं, म्हणजे त्यांना मध्येच घरी जाता आलं असतं. आणि चिपची गंमत तर विचारूच नका. प्रत्येकाच्या छातीवरच्या नंबराच्या कागदामागे एक चिप असते, रस्त्यात अंथरलेल्या काळ्या पट्ट्यांवरून माणूस गेला की त्याची वेळ नोंदली जाते. एका वर्षी साठ वर्षांवरील महिलांत पहिल्या आलेल्या आजींची वेळ कॉलेजच्या पोरांनाही लाजवणारी निघाली. चौकशी केली तर आजी घरी साबुदाणा भिजवत होत्या आणि त्यांचा कागद लावून नातू धावला होता. कप मात्र आजी स्वतः येऊन घेऊन गेल्या आणि आभाराचं भाषणही केलं.

या सगळ्यांना मी रेडिओच्या टेबलावरून नीट सांभाळलं, याचा मला अभिमान आहे. आणि सर्वांत जास्त अभिमान होता तो माझ्या रेडिओच्या शिस्तीचा. आमच्या माणसांत नेपाळी, बंगाली, पठाण, मल्याळी सगळे. प्रत्येकाचं हिंदी वेगळं. सुरुवातीला एकेक जण रेडिओवर अख्खी कहाणी सांगायचा. मी सगळ्यांना ओळीने बसवून शिकवलं, चारच गोष्टी बोलायच्या. तुमची जागा, धावणाऱ्याचा नंबर, काय झालं, काय हवंय. बाकी एक शब्द नको. जमानभाईंनी तर ते असं उचललं की घरीसुद्धा बायकोशी तसंच बोलतात म्हणे. दुसरा नियम, कोणाच्या जिवाचं काही असलं तरी ते उघड चॅनलवर विचारायचं नाही, कारण ऐकणारे नातेवाईक असू शकतात. दोन्ही नियम माझेच आणि दोन्ही अत्यंत शहाणपणाचे. त्या शहाणपणाचीच ही गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मराठी मंडळाने शारजात पाण्याकाठच्या रस्त्यावर धर्मादाय दौड ठरवली. इथे कोणीही उठून देणग्या गोळा करू शकत नाही, परवाना असलेल्या संस्थेमार्फतच करावं लागतं, तेव्हा तशी संस्था गाठून सगळं रीतसर झालं. मदत जाणार होती हृदयरोग्यांच्या उपचाराला. समितीचे प्रमुख होते पराग दामले. हा चाळिशीतला माणूस, दुबईत मोठ्या हुद्द्यावर, रोज शारजाहून जाता-येता तीन तास गाडीत बसतो आणि उरलेल्या वेळात लोकांना बसू नका म्हणून सांगतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, बहुतेक पापंही मोजत असावं. मीटिंगमध्ये आम्ही वडे मागवले की तो शेंगदाणे मोजून खायचा आणि आमच्याकडे करुणेने बघायचा.

परागच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, ‘तीन पिढ्या, एक पाऊल’. म्हणजे तो, त्याची नऊ वर्षांची मुलगी आर्या आणि पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले त्याचे वडील, विनायकराव दामले, वय चौऱ्याहत्तर, असे तिघं तीन किलोमीटरच्या गटात उतरणार आणि कमानीखाली फोटो निघणार. त्या फोटोसाठी स्थानिक मराठी पत्रकार बोलावला होता, स्पॉन्सर मंडळी येणार होती. बॅनरवर दामलेकाकांचा ट्रॅकसूट घातलेला फोटो आणि खाली ‘वय म्हणजे नुसता आकडा’. ट्रॅकसूटची किमतीची चिठ्ठी बाहीखाली लोंबत होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही.

आदल्या दिवशी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये मी नंबराचे कागद वाटत होते. रांग दारापर्यंत गेली होती. पराग वडिलांना घेऊन आला. उंच, किडकिडीत गृहस्थ, टपाल खात्यातून निवृत्त, बोलणं अगदी हळू. त्यांनी मला विचारलं, “बाई, वाटेत बसायला जागा असते का?”

मी माझ्या ठरलेल्या खेळकर आवाजात म्हणाले की काका, ही दौड आहे, बसायला नंतर सगळं आयुष्य आहे. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वापरत होते, लोक हसायचे. काका हसले नाहीत. त्यांनी छातीवर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, “तसं नाही. आत दोन स्प्रिंगा आहेत माझ्या.”

पराग लगेच मध्ये पडला. बाबांची विनोदबुद्धी जबरदस्त आहे, म्हणाला. मी हसले. समोर ऑनलाइन भरलेला फॉर्म होता, त्यात ‘हृदयाचा काही त्रास?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं आणि ते ‘नाही’ कोणी भरलं होतं ते मला माहीत होतं. आमच्या धंद्यात ही मोठी सोय आहे, फॉर्मवर ‘नाही’ असलं की आमची जबाबदारी तिथे संपते. मी काकांना तीनशे बारा नंबरचा कागद आणि चार सेफ्टी पिना दिल्या आणि पुढच्याला हाक मारली. विनोद वाटला म्हणून हसले, असं मी त्या दिवशी रात्री स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलंही.

सकाळी सगळं झकास होतं. हवा गार, पाण्यावर हलका वारा, सगळ्यांच्या अंगावर एका साइजने लहान टी-शर्ट. समितीच्या सगळ्या सभासदांनी कमरेला रेडिओ लावून घेतले होते. त्यांना त्याचं काही काम नव्हतं, पण कमरेला रेडिओ असला की माणसाचं चालणं बदलतं. मी नको म्हटलं तर म्हणाले, मॅडम, आम्ही फक्त ऐकू. तीन किलोमीटरचा गट सुटला. दहा पावलं तिन्ही पिढ्या बरोबर होत्या, फोटोवाल्याने तेवढ्यात चार फोटो काढले. मग आर्या सुसाट गेली, पराग घड्याळाकडे बघत तिच्यामागे गेला आणि तिसरी पिढी, म्हणजे पहिली, मागे राहिली.

पराग आणि आर्या पोचले, पदकं गळ्यात पडली. पराग माझ्या तंबूत येऊन उभा राहिला, घामाघूम आणि प्रसन्न. बाबा दिसले की सांगा, म्हणाला, मग आम्ही तिघं परत थोडं मागे जाऊन कमानीखालून एकत्र येऊ. आर्या म्हणाली, “ही इज सो स्लो, पप्पा. आय टोल्ड यू.” पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. स्पॉन्सरांपैकी एकाने घड्याळ बघितलं. तेवढ्यात रेडिओ वाजला. जमानभाईंचा आवाज, माझ्या शिकवणीप्रमाणे एकही शब्द जास्त नाही.

“कंट्रोल, तीन नंबर. तीनशे बारा. बाबा खलास. गाडी भेजो.”

मी यादीत बोट फिरवलं. खरं तर गरज नव्हती. तीनशे बारा कोण, ते मला चांगलं ठाऊक होतं. परागने माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबून म्हणाले, फिर से बोलो. जमानभाईंनी तेच परत सांगितलं. मी विचारलं, पक्का? माझ्याच नियमामुळे याहून जास्त काही विचारता येईना.

“पक्का, मॅडम. जूता भी उतार दिया.”

तंबूतले सगळे माझ्या रेडिओकडे बघायला लागले. फक्त आर्या पदकाशी खेळत म्हणाली, “ओह गुड. आजोबा इज डन.” आम्ही तिच्याकडे असं बघितलं, जसं बिचाऱ्या अजाण लेकराकडे बघतात. मग समितीच्या सगळ्या रेडिओंना एकदम कंठ फुटला. काय झालं, कोण गेलं, कुठे, अनाउन्समेंट थांबवा, अनाउन्समेंट करा. त्या गोंधळात जमानभाईंचा आवाज पुन्हा काही माझ्यापर्यंत पोचला नाही. मी ॲम्ब्युलन्सला तीन नंबरवर जायला सांगितलं आणि आमच्या बॅटरीच्या छोट्या गाडीत चढले. कंट्रोलची खुर्ची सोडून उठले अशी ती माझी पहिली वेळ.

पराग गाडीत बसला नाही. तो सरळ उलट्या दिशेने धावत सुटला.

समोरून प्रॅम घेऊन येणाऱ्या आया आणि सेल्फी काढणारे बाप रस्ताभर पसरले होते, गाडी मुंगीच्या गतीने चालली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. फॉर्मवर ‘नाही’ होतं. सही मुलाची होती. आम्ही प्रत्येकाकडून लिहून घेतो. ती सगळी वाक्यं बरोबर होती आणि एकही मला तोंडात धरवेना. छातीवर टेकवलेली दोन बोटं मला सारखी दिसत होती. मला भीती वाटत होती, आणि काका गेले याहूनही जास्त भीती आपण ते कळूनही हसलो याची होती. आम्ही पोचलो तेव्हा पराग आमच्या थोडाच पुढे होता.

तीन नंबरवर पाण्याच्या बाटल्यांचा एक क्रेट उपडा घातलेला होता आणि त्यावर दामलेकाका बसले होते. बूट बाजूला, पाय गवतावर. शेजारी जमानभाई उकिडवे बसून फ्लास्कमधून त्यांच्यासाठी बिनदुधाचा सुलेमानी चहा ओतत होते.

पराग थांबला. नुसता छातीचा भाता चालला होता. त्याच्या घड्याळातून टिंग टिंग आवाज आला. आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर झाल्याबद्दल ते त्याचं अभिनंदन करत होतं.

आता आखाताबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं, की इथे ‘खलास’ म्हणजे झालं, पुरे, आटपलं. भाजीवाला पिशवी बांधून खलास म्हणतो, टॅक्सीवाला गाडी थांबवून खलास म्हणतो. मी स्वतः दिवसातून पन्नासदा म्हणते. शारजात जन्मलेल्या आर्याला त्याचा दुसरा अर्थच माहीत नाही. तंबूत तो शब्द बरोबर ऐकणारी ती एकटीच होती. आम्ही मोठ्यांनी तो आपल्या घरच्या कानांनी ऐकला, जिथे माणूस खलास झाला म्हणजे संपला. रोज ऐकलेला शब्द त्या क्षणी मला मराठीत का ऐकू आला, याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

काकांनी झालेलं सांगितलं. दुसऱ्या वळणानंतर छाती जड झाली. त्यांना थांबायचं होतं. पण आमच्या माणसांना आम्ही शिकवलेलं आहे, कोणी रेंगाळलं की टाळ्या वाजवा, उत्साह द्या. काका म्हणाले थांबतो, ते म्हणाले यल्ला बाबा, म्हणजे चला, शाबाश. काका म्हणाले बसू द्या, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. असं दोन ठिकाणी झालं. टाळ्यांच्या जोरावर ते तीन नंबरपर्यंत आले. तिथे त्यांना बिल्डिंगखालच्या किराणावाल्याचा शब्द आठवला. “मी यांना म्हटलं खलास,” काका जमानभाईंकडे बोट दाखवून म्हणाले, “तर यांनी एका मिनिटात बसायला दिलं. फार उपयोगी शब्द आहे.” मग त्यांनी परागच्या चेहऱ्याकडे बघितलं. काय झालं असेल ते टपाल खात्यातल्या माणसाला सांगावं लागलं नाही. चुकीच्या पत्त्यावर काय पोचलं असेल ते त्याला कळतं.

ॲम्ब्युलन्समधली नर्स उतरली. तिने नाडी बघितली, छातीला तारा लावल्या, माझ्या हातातल्या यादीत डोकावून विचारलं, “नो हार्ट हिस्टरी, राइट?” परागने तोंड उघडलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही, कारण त्याच्या आधी मीच बोलले. म्हटलं, टू स्टेंट्स. पराग माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

काका बरे आहेत, हे इथेच सांगते. इस्पितळात दोन दिवस ठेवून घेतलं, एक नवी स्प्रिंग बसवली, महिन्याने ते पुण्याला परत गेले. पराग अजून समितीत आहे, पण ‘वय म्हणजे नुसता आकडा’ त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. त्या दिवशी कमानीखालचा फोटो शेवटी स्पॉन्सरांचाच निघाला, तो छापूनही आला. जमानभाईंची मी माफी मागितली, तर त्यांना ती कशाबद्दल ते कळेना. मॅडम, आपने जो सिखाया वही बोला, म्हणाले. ते खरंच होतं.

माझं मात्र त्या सकाळी एक काम राहिलं होतं. काकांना स्ट्रेचरवर घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं, पराग पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मागचं दार लावायच्या आधी मी वाकून आत डोकावले. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला आले होते, पण तोंडातून निघालं ते बावीस वर्षांच्या सवयीने निघालं.

“काका, काल मला वाटलं, तुम्ही गंमत करताय.”

त्यांनी नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने जरा बाजूला केला.

“नाही हो बाई. तुम्हाला कळलं होतं. मी तुमच्याकडेच बघत होतो.”

दारावरचा हात मी काढून घेतला. नर्सने दार ओढायला घेतलं, आणि मला फार वाईट वाटू नये म्हणून ते म्हणाले, “रांगही फार मोठी होती.”